दातांच्या दवाखान्यातला समुद्र

पेंटरने उभ्या आयुष्यात जेवढी अक्षरं रंगवली होती, तेवढी एखाद्या मास्तरांनीही फळ्यावर लिहिली नसतील. किराणा दुकानांच्या पाट्या, शाळांच्या भिंतींवरची सुवचनं, 'येथे गाडी उभी करू नये', 'कुत्र्यापासून सावध', आणि एकदा तर एका शिंप्याच्या दुकानावर दोन मजली कात्री. हात असा सरळ की फूटपट्टीने त्याच्याकडे शिकवणी लावावी. मग फ्लेक्स आले. ज्या कामाला पेंटरला चार दिवस लागत, ते काम मशीन चहा उकळेपर्यंत करून मोकळं होऊ लागलं. एकेक करून गिऱ्हाइकं गळाली आणि बावन्नाव्या वर्षी पेंटरवर लोखंडी फाटकांना काळा रंग देत हिंडायची वेळ आली.

म्हणून नव्या दातांच्या दवाखान्यातून बोलावणं आलं तेव्हा तो इस्त्रीचा शर्ट घालून गेला. त्याला वाटलं, पाटीचं काम असेल. पाटी बाहेर आधीच लागलेली होती, फ्लेक्सची, आणि तिच्यावरचा दात एवढा मोठा होता की लांबून तो फ्लॉवरचा गड्डा वाटत होता. पेंटर मनातल्या मनात सुखावला.

डॉक्टरबाई तिशीच्या आतबाहेरच्या, बारीक चणीच्या. बोलताना समोरच्याच्या डोळ्यांकडे न बघता दातांकडे बघायची त्यांना सवय होती. पेंटरच्या ते लक्षात आलं आणि तो शक्य तितकं ओठ मिटून बोलू लागला.

"ही भिंत," बाहेरच्या खोलीत नेऊन त्या म्हणाल्या. भिंतीसमोर सात खुर्च्या ओळीने मांडलेल्या होत्या. "लोक इथे बसतात, आतून मशीनचा आवाज ऐकतात आणि निम्मे उठून निघून जातात. मला इथे समुद्र हवाय. निळा. निळ्या रंगाने माणूस शांत होतो, असं मी वाचलंय."

"समुद्र ना? होऊन जाईल," पेंटर म्हणाला. दाराला कडी बसवायला सांगितल्यावर सुतार म्हणेल तसं.

दुपारी एक ते चार दवाखाना बंद असायचा. तेवढ्या वेळात काम करायचं ठरलं. पेंटरने दोन दुपारींत समुद्र उरकला. खाली गडद निळा, वर फिकट निळा, मधे दोरी लावून मारलेली रेघ. रेघेवर अर्धा सूर्य, सूर्याखाली शिडाची होडी, एका बाजूला दोन नारळाची झाडं आणि आकाशात मराठी तीनच्या आकड्यासारखे पाच पक्षी. लाटा म्हणून त्याने पांढऱ्या रंगात वेलांट्या काढल्या, सगळ्या एका मापाच्या, एका अंतरावर. वेलांटी हा त्याचा हातखंडा होता. डॉक्टरबाईंना चित्र पसंत पडलं. पेंटरने डबे गोळा केले, ब्रश धुतले, आणि एका पक्ष्याची शेपटी राहिली होती म्हणून तो मंगळवारी सकाळी परत आला. तो आला नसता तर पुढचं काहीच घडलं नसतं.

मंगळवार हा कप्तानांचा दिवस होता. कप्तान म्हणजे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे एकटे गृहस्थ. सगळं आयुष्य मालवाहू जहाजांवर गेलेलं, आता तोंडात तीन दात उरलेले, आणि कवळीचं माप द्यायला दर मंगळवारी यायचे. ते पहिल्या खुर्चीवर बसले, काठी गुडघ्यांत धरली आणि भिंतीकडे बघत राहिले. पेंटर स्टुलावर उभा राहून शेपटी काढत होता. पाठीमागे कोणी आपलं काम बघतंय हे पेंटर लोकांना पाठीनेच कळतं. तो जरा जास्तच ऐटीत ब्रश फिरवू लागला.

"हे काय आहे?" कप्तानांनी विचारलं.

"समुद्र," पेंटर म्हणाला.

"तुला कोणी सांगितलं?"

त्या आवाजात कुचेष्टा नव्हती. एखाद्याला चुकीचा पत्ता कोणी दिला याची चौकशी करावी तसा साधा प्रश्न होता, आणि म्हणूनच तो लागला. रांगेतल्या दोघा-तिघांनी सुजलेले गाल हातात धरून चित्राकडे नव्याने पाहिलं. एक बाई म्हणाल्या, "हो हो, चादरीसारखं दिसतंय. आमच्याकडे अशी चादर आहे." पेंटरच्या हातून पक्ष्याची शेपटी जरा लांब झाली. तो पक्षी शेवटपर्यंत मोरासारखा दिसत राहिला.

घरी आल्यावर तो चपला न काढताच दाराशी बसला. त्याची बायको टपाल कचेरीत पार्सलं तोलायच्या खिडकीवर होती. वीस वर्षं तोलून तोलून तिला हाताच्या अंदाजानेच वजन कळायचं, आणि नवऱ्याच्या मनावरचंही कळायचं.

"अहो, काय झालं?"

"एक म्हातारा म्हणाला, हा समुद्रच नाही म्हणून."

"आणि तुम्ही शेवटचा समुद्र कधी पाहिलात?"

पेंटर आठवू लागला. बस पकडली की तासाभरात समुद्र. पण लग्नानंतर एकदा, मग मेव्हण्याच्या बदलीच्या वेळी त्याला सोडायला गेला तेव्हा एकदा, तेही सामान मोजण्यात गेलं. जे हजारदा काढलं ते त्याने खरं तर कॅलेंडरवरून काढलं होतं, आणि कॅलेंडरवाल्याने कुठून काढलं होतं देव जाणे.

"रविवारी जाऊ," बायको म्हणाली. "नाहीतर सगळा आठवडा तोंड असंच राहील."

रविवारी सकाळी दोघं समुद्रावर गेली. पेंटर मोकळ्या हाताने गेला नव्हता. रंगाच्या दुकानातलं शेडकार्ड त्याने बरोबर घेतलं होतं, त्या पट्ट्या-पट्ट्यांच्या पंख्यासारखं, ज्यात प्रत्येक रंगाखाली त्याचं नाव आणि नंबर असतो. बायको वाळूवर ऐसपैस बसली आणि तो पाण्याच्या कडेला उभा राहून एक डोळा मिटून एकेक पट्टी समुद्राला लावून बघू लागला. त्याने भिंतीवर वापरलेल्या निळ्याचं नावच 'सागरी निळा' होतं. तो संपूर्ण समुद्रात कुठेच नव्हता. जवळ मातकट, पुढे शेवाळी, त्याच्या पुढे शिशासारखं काहीतरी, आणि ढग सरकला की सगळं बदलून भलतंच. एक पट्टी जुळली असं वाटून तो नंबर वाचायला खाली बघायचा, वर बघेपर्यंत समुद्र पुढच्या नंबरावर गेलेला असायचा.

"जुळतंय का?" बायकोने लांबून विचारलं.

"उभं राहत नाही एका जागी," तो म्हणाला.

तेवढ्यात वाऱ्याने शेडकार्ड हातातून उडवलं. ते दुकानदाराचं होतं, परत द्यायचं होतं. पेंटर चपलांसकट पाण्यात शिरला. कार्ड चार हात पुढे, तो मागे. घोटा, गुडघा, मांडी. त्याने हात लांब करून कार्ड पकडलं आणि बायकोला दाखवायला विजयी मुद्रेने मागे वळला. समुद्राला पाठ दाखवू नये हे त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं. मागून लाट आली आणि तिने पेंटरला उचलून उलटा केला.

मोजून चार-पाच क्षण गेले असतील, पण ते त्याला पुढे कितीतरी दिवस पुरले. डोळे उघडेच राहिले होते. लाट आतून कशी दिसते ते त्याने पाहिलं. वर उजेडाचं हलतं छप्पर, बाजूला बाटलीच्या काचेसारखा हिरवा, खाली वाळूचा धूर, आणि कुठेही, अगदी कुठेही एकसुद्धा रेघ नाही. त्याच्या सगळ्या आयुष्याचा कारभार रेघेवर चाललेला. अक्षराला बाहेरची रेघ असते, मग सावली असते, मग चकाकी. इथे कडाच नव्हत्या. मग समुद्र नाकातोंडात गेला आणि विचार थांबले.

बायकोने त्याला कॉलर धरून बाहेर काढला. एका चपलेसह. तो खोकत खोकत वाळूवर बसला आणि पहिलं वाक्य बोलला ते हे: "अगं, आतून हिरवा आहे."

"तुम्ही निळे पडलाय," बायको म्हणाली. "चला घरी."

सोमवारी एक वाजता पेंटर दवाखान्यात हजर. डॉक्टरबाईंना म्हणाला, "जरा दुरुस्ती करायची आहे, वरचा खर्च नको." त्यांना वाटलं, मोराची शेपटी असेल. संध्याकाळी पेशंट आले तेव्हा होडी, सूर्य, झाडं आणि पाचही पक्षी बुडालेले होते. आठवडाभर पेंटर रोज दुपारी आला. ब्रश सोडून त्याने फडकं घेतलं, मग स्पंज, मग बायकोचा जुना कंगवा. कडा पुसायच्या, रंग ओला असतानाच त्यात दुसरा सोडायचा, पुन्हा पुसायचा. आयुष्यभर ज्या गोष्टीला तो 'घाण झाली' म्हणत आला होता, तीच आता मुद्दाम करत होता आणि ती नीट जमत नव्हती म्हणून चिडत होता.

"पेंटरकाका, हा निळा नाहीये," डॉक्टरबाई काळजीने म्हणाल्या.

"नसतोच, मॅडम. मी आत जाऊन पाहून आलोय."

"पण मी तर वाचलं होतं..."

"ज्याने लिहिलं तो काठावर बसून लिहीत असणार."

 डॉक्टरबाईंनी एक गोष्ट पाहिली होती. लोक आता उठून जात नव्हते. आत मशीन किरकिरत असताना बाहेरच्या सात खुर्च्यांवर समुद्र या विषयावर चर्चासत्र भरायचं. ज्यांनी समुद्र पाहिला होता ते बोलायचे, ज्यांनी नव्हता पाहिला ते जास्त बोलायचे. चादरवाल्या बाईंचा दात काढून आठ दिवस झाले होते, तरी त्या "इकडून चालले होते" असं सांगून येऊन बसायच्या.

पुढच्या मंगळवारी कप्तान आले. बराच वेळ काठीवर हनुवटी टेकून बघत राहिले. पेंटर मुद्दाम त्या वेळेला येऊन थांबला होता.

"पाणी आहे," शेवटी कप्तान म्हणाले.

पेंटरचा जीव भांड्यात पडला.

"समुद्र अजून नाही."

जीव भांड्यातून पुन्हा बाहेर आला. पण यावेळी तो गप्प बसला नाही. कप्तानांची कवळीची फेरी संपेपर्यंत थांबला आणि त्यांच्याबरोबर चालत त्यांच्या घरापर्यंत गेला. वाटेत त्याने विचारलं, "तुम्ही एवढी वर्षं सुकाणूपाशी उभे राहिलात. तिथून कसा दिसतो तो?"

"मला काय माहीत? मी स्वयंपाकी होतो."

पेंटर रस्त्यातच थबकला. "मग कप्तान?"

"लोक म्हणतात. मी कधी म्हणालो? एकतीस वर्षं बटाटे सोलले बाबा. शेजारी ताटाएवढी गोल खिडकी. जो काय समुद्र पाहिला तो तेवढ्यातून."

माणसाला राग यावा अशी ही गोष्ट होती. 'तुला कोणी सांगितलं?' म्हणून ज्याने आपली अब्रू घालवली तो बटाटे सोलणारा निघाला. पण पेंटरला राग येईना. स्वतः एवढी वर्षं समुद्र काढून त्याने ताटाएवढाही पाहिला नव्हता.

कप्तानांची एकच खोली होती, स्वच्छ, आणि विचित्र. प्रत्येक फळीला पुढून दोन बोटं उंच पट्टी मारलेली, भांडी घसरून पडू नयेत म्हणून. टेबलाला कठडा. कपाटाच्या दाराला आकडा. जमीन हलणार नाही यावर या माणसाचा अजून विश्वास बसलेला नव्हता. त्यांनी एका पातेल्यात निम्मं पाणी घेतलं आणि ते पेंटरच्या नाकासमोर धरून हळूच तिरकं केलं.

"काय हललं?"

"पाणी."

"नीट बघ. पाणी आहे तसंच आहे, सपाट. हललंय ते पातेलं." त्यांनी ते दुसरीकडे कलवलं. "सूप करताना मी हेच बघत बसायचो. वादळ असलं तरी सूप आपलं सपाट राहायची धडपड करत असतं. जहाज त्याला राहू देत नाही. तुझं पाणी भिंतीत आहे आणि बघणारा खुर्चीत, पक्क्या जमिनीवर. काठावरच्या माणसाला समुद्र दिसतो रे. कळत नाही. कळायला पातेल्यात बसावं लागतं."

पेंटर घरी आला तो पातेलं मागतच. बायको जेवण वाढायच्या घाईत होती. तिने एकदा पातेल्याकडे आणि एकदा नवऱ्याकडे पाहिलं आणि आमटी दुसऱ्या भांड्यात काढून दिली. तासभर तो ओट्यापाशी पाणी कलवत उभा होता. फरशी ओली झाली, पायजमा ओला झाला. शेवटी त्याला जे सापडलं ते असं होतं: क्षितिज तिरकं काढायचं. फार नाही, बोटभर. एवढंच की बघणाऱ्याला तिरकं वाटू नये, पण खुर्ची कलल्यासारखी वाटावी.

तिसरा समुद्र रंगवायला तीन आठवडे लागले. दोरी लावून मारलेली रेघ गेली, तिच्या जागी पाणी आणि आकाश एकमेकांत मिसळणारा एक धूसर पट्टा आला, या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटभर कललेला. खालून एक मोठी लांबट लाट उठत होती, फुटायच्या आधीची, पाठ फुगवलेली. तिच्यात तो लाटेच्या पोटातला हिरवा होता. पेंटर कधी स्टुलावर, कधी खुर्च्यांवर बसून बघायचा. पहिल्या खुर्चीवरून, मग दुसऱ्या, मग सातव्या. सातव्या खुर्चीवर त्याला स्वतःलाच तिचे हात घट्ट धरून बसावंसं वाटलं, तेव्हा त्याने ब्रश खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाढ दुखते म्हणून आलेला एक धिप्पाड ट्रकवाला पाचव्या खुर्चीवर बसला. दहा मिनिटांनी तो म्हणाला, "बेसिन कुठाय?" बेसिनपर्यंत तो पोचला, जेमतेम. दुपारच्या आत आणखी दोघं. एका आजोबांनी खुर्चीचे दोन्ही हात धरले ते सोडायला तयार होईनात. चादरवाल्या बाईंनी मात्र "मला बाई झोका दिल्यासारखं वाटतंय" म्हणत पर्समधून शेंगदाणे काढून खाल्ले.

पेंटरला हे फोनवरून कळलं. डॉक्टरबाईंचा आवाज चढला नव्हता, पण तो न चढवण्यासाठी त्यांना कष्ट पडत होते. "पेंटरकाका, तीन जणांना उलटी झाली."

"भिंत बघून?" पेंटरने विचारलं.

"भिंत बघून."

त्याने फोन ठेवला. बायको कामावरून आली तेव्हा तो दारातच उभा होता, चेहरा उजळलेला, लॉटरी लागलेल्या माणसासारखा.

"अगं, तिघांना ओकारी झाली."

"आणि त्यात हसण्यासारखं काय आहे?"

"तीस वर्षं पाट्या रंगवल्या. 'कुत्र्यापासून सावध' लिहिलं तरी एक माणूस सावध झाला नाही. आज ट्रक चालवणारा माणूस माझ्या भिंतीसमोर बसला आणि त्याच्या पोटात समुद्र गेला."

बायकोने पिशवी खाली ठेवली आणि त्याच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. "मला उद्या दाखवा," ती म्हणाली. "पण रिकाम्या पोटी जाऊ."

तिने तो समुद्र पाहिला. सातव्या खुर्चीवर बसून पाहिला. त्याची बाही धरून ठेवली. पाण्यातून ओढताना कॉलर धरली होती तशीच घट्ट. बरं झालं तिने पाहिला, कारण त्यानंतर चारच दिवसांनी ती भिंत गेली.

डॉक्टरबाईंचा इलाज नव्हता. दातांच्या दवाखान्यात आल्यावर पोट बिघडतं अशी वदंता शहरात पसरली, तर कोण येणार? त्यांनी पेंटरला बसवून चहा दिला आणि खाली बघत सांगितलं की भिंतीला साधा फिकट पिवळा रंग द्यावा. "दुसऱ्या कोणाकडून करून घेतलं असतं," त्या म्हणाल्या, "पण ते बरं दिसलं नसतं."

"दुसऱ्याला हात लावू देऊ नका," पेंटर म्हणाला. "तो खरवडून पापुद्रे काढेल."

त्याने स्वतःच दोन हात मारले. पहिल्या हाताखालून लाटेची पाठ दिसत होती, दुसऱ्या हाताने तीही गेली. त्याने रेघ न ओढता, ओघळ न येऊ देता, भिंत कशी पेंटरला शोभेल अशी रंगवली. मंगळवारी कप्तान येऊन बसले, त्यांनी भिंतीकडे पाहिलं, पेंटरकडे पाहिलं आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. तेवढंच.

लोकांना वाटलं, आता पेंटर फाटकांकडे परत जाईल. गेलाही. पण फाटकं सकाळी, आणि दुपारनंतर घरी. रंगवायला कापड कुठून आणायचं हा प्रश्न त्याने एका झटक्यात सोडवला. शहरभर जुने फ्लेक्स पडलेले असायचे. कोणाच्या तरी वाढदिवसाचे, कुठल्या तरी सेलचे. ज्यांनी त्याचा धंदा खाल्ला तेच फ्लेक्स तो गुंडाळून आणायचा आणि त्यांच्या पांढऱ्या पाठीवर समुद्र काढायचा. घरभर समुद्र वाळत पडलेले. बायको म्हणायची, "मला संडासात जायलाही पोहावं लागतं." पण टपाल कचेरीतून येताना पार्सलांचे रिकामे खोके तीच आणायची, रंग ठेवायला.

दर रविवारी तो समुद्रावर जायचा, आता शेडकार्ड न घेता. पाणी बघून झालं की वाळूवर पालथा व्हायचा, मग उताणा. उताणं झाल्यावर त्याला शोध लागला की समुद्राच्या वरही बरंच काही चाललेलं असतं. एका रविवारी तो असा हात पसरून, डोळे सताड उघडे ठेवून तासभर आकाश बघत पडला, तेव्हा भोवती माणसं जमली. कोणीतरी म्हणालं, "गेलेला दिसतोय." दुसरा म्हणाला, "घरच्यांना कळवायला हवं." बायको शेजारीच विणत बसली होती. ती म्हणाली, "मला कळलंय."

कप्तानांची कवळी बसवायचा दिवस आला. अर्धा-पाऊण तास आत डॉक्टरबाईंच्या कललेल्या खुर्चीवर पडून, तोंड उघडं ठेवून झाल्यावर त्यांनी चूळ भरली आणि डॉक्टरबाईंना म्हणाले, "तुम्ही भिंत पुसलीत, त्याबद्दल मी काही म्हणत नाही. पण पेशंट खरा बघतो ते हे." त्यांनी काठीने वर दाखवलं. पिवळट छत, ओलीचा एक डाग, एक जळालेली ट्यूब. "मी गेले चार महिने तो डाग बघतोय. तुमच्या दवाखान्याची माझी आठवण म्हणजे तो डाग. काहीतरी द्या की बघायला."

डॉक्टरबाई स्वतः कधी त्या खुर्चीवर पडल्या नव्हत्या. दुपारी दार लावून त्या पडल्या. संध्याकाळी त्यांनी पेंटरला फोन केला. "काका, हलणार नाही असं काही जमेल?"

"नाही," पेंटर प्रामाणिकपणे म्हणाला. "पण उलटी होणार नाही एवढं बघतो."

छताचं काम जिवावरचं. मान मोडते, रंग डोळ्यात येतो, आणि बघण्यासाठी दर दहा मिनिटांनी खाली उतरून खुर्चीवर पडावं लागतं. पेंटर स्टुलावरून खुर्चीवर आणि खुर्चीवरून स्टुलावर असा महिनाभर चढत-उतरत होता. त्याने आकाश काढलं, समुद्रावरचं. म्हणजे पाणी कुठेच नव्हतं, पण खालून पाण्याचा उजेड वर गेलेला होता, ढगांच्या पोटांना लागलेला, तो लाटेतला हिरवा अगदी पुसट होऊन. ढग मोठे आणि सावकाश. ओलीचा डाग त्याने पुसला नाही, त्याचाच एक ढग केला. पक्षी एकही नाही.

डॉक्टरबाई बघायला म्हणून खुर्चीवर पडल्या. पेंटर हातात फडकं घेऊन उभा. पाच मिनिटं झाली. मग त्या म्हणाल्या, "काका, माझं तोंड उघडंच राहिलंय."

आणि खरंच तसं होऊ लागलं. पूर्वी प्रत्येक पेशंटला "तोंड उघडा, अजून उघडा" म्हणून डॉक्टरबाईंचा घसा बसायचा. आता माणूस आडवा झाला की वर बघायचा आणि आपोआप आ वासायचा. ट्रकवाला परत आला, दाढ काढून गेला, आणि जाताना विचारून गेला की ट्रकच्या टपाला आतून असं काही करता येईल का. पेंटरने करून दिलं. मग आणखी एका ट्रकवाल्याला. मग वृद्धाश्रमातून निरोप आला, तिथली निम्मी माणसं दिवसभर छतच बघत असतात म्हणून. तिथे मात्र पेंटर कप्तानांना बरोबर घेऊन गेला. कप्तान प्रत्येक खाटेवर आलटून पालटून पडले आणि कुठल्या खाटेला कुठला ढग यावा ते नव्या कवळीतून शिट्टी वाजल्यासारख्या आवाजात सांगत राहिले.

त्याच वर्षी थंडीत पेंटरची अक्कलदाढ दुखायला लागली. बावन्नाव्या वर्षी अक्कल येते याचं बायकोला नवल वाटलं नाही. तिने त्याला दवाखान्यात नेऊन सोडलं. तो खुर्चीवर पडला, इंजेक्शन झालं, गाल बधिर झाला, आणि डॉक्टरबाई पकड घेऊन वाकल्या.

पेंटरचं लक्ष वर होतं. एवढे दिवस तो या खुर्चीवर पडला होता, पण ते बघण्यासाठी, काम म्हणून. घाबरून, मुठी आवळून कधी पडला नव्हता. आता त्याला दिसलं की डाव्या कोपऱ्यातला ढग जड झालाय. घाबरलेल्या माणसाच्या अंगावर येतो तो. आणि त्याच्या कडेला, चक्क, एक रेघ राहिलीय.

"आँ... आँ," तो बोट वर करून म्हणाला.

"दुखतंय का काका?"

त्याने जोरजोरात नकाराची मान हलवली आणि पुन्हा कोपऱ्याकडे बोट दाखवलं.

"हलू नका. बोलायचं नाही."

दाढ निघाली. तोंडात कापूस कोंबून डॉक्टरबाईंनी त्याला बजावलं की आज गरम काही नको, जोर लागेल असं काम नको, चोवीस तास आराम. पेंटरने सगळ्याला मान डोलावली. बाहेरच्या खोलीत बायको फिकट पिवळ्या भिंतीसमोर पहिल्या खुर्चीवर बसली होती. त्याने तिच्याकडे पेन मागितलं आणि औषधाच्या चिठ्ठीमागे लिहून दाखवलं, पाटीवर लिहावं तसं, ठसठशीत:

'स्टूल कुठे आहे?'